‘इम्मिस्सिओ’साठी ‘उत्सर्जन’ चालेल का?

रोमन कायद्यातल्या धुराच्या वादांविषयी मराठीत लिहिताना ‘इम्मिस्सिओ’ या लॅटिन संज्ञेला ‘उत्सर्जन’ म्हणावे का, असा प्रश्न आहे. म्हणू नये. उत्सर्जन म्हणजे उगमापाशी बाहेर टाकणे. ‘इम्मिस्सिओ’त ‘इन’ म्हणजे आत आणि ‘मित्तेरे’ म्हणजे धाडणे, सोडणे. रोमन कायदेपंडित धुराड्यातून किती धूर निघाला हे पाहत नव्हते, तो परक्याच्या हद्दीत शिरला का, हे पाहत होते.

मूळ उतारा इ.स. 533 च्या ‘डायजेस्ट’मध्ये, म्हणजे रोमन कायदेपंडितांच्या उताऱ्यांच्या संकलनात (8.5.8.5) आहे. मिंतुर्नाए नगराकडून एकाने चीज तयार करण्याची जागा भाड्याने घेतली होती आणि तिचा धूर वरच्या इमारतींत जाई. कायदेपंडित उल्पियनने आधीच्या अरिस्टो या कायदेपंडिताचे मत दिले आहे: त्या इमारतींवर तसा सुविधाधिकार (‘सेर्वितूस’, म्हणजे परक्याच्या मालमत्तेवरचा ठरावीक हक्क) नसेल, तर वरचा मालक हा धूर अडवू शकतो. भाडेकरूने मग भाडेकराराच्या आधारे नगराला जबाबदार धरावे. वरून खाली पाणी सोडण्यालाही हाच नियम. पाठोपाठ आल्फेनस या कायदेपंडिताचा दाखला येतो: स्वतःच्या जमिनीत दगड फोडा, पण कपच्या माझ्या जमिनीत पडता कामा नयेत. मात्र चुलीचा साधा धूर यात धरत नाहीत. त्यासाठी वेगळा हक्क सांगत बसायची गरज नाही, जशी स्वतःच्या घरात बसायला किंवा आंघोळ करायला नसते.

म्हणून वाक्यात सरळ ‘परक्या हद्दीत धूर सोडणे’ लिहावे. ‘सोडणे’ धुरालाही चालते, पाण्यालाही. संज्ञा हवीच असेल तर ‘अंतःक्षेप’ घ्यावा आणि पहिल्यांदा सोबत लॅटिन शब्द द्यावा. जर्मन कायदा ‘एमिस्सिओन’ (उत्सर्जन) आणि ‘इमिस्सिओन’ (शिरकाव) हे दोन शब्द आजही वेगळे ठेवतो. 1974 चा तिथला प्रदूषणविरोधी कायदा ‘इमिस्सिओन’च्याच नावाने ओळखला जातो. ‘उपद्रव’ (इंग्लिश ‘न्यूसन्स’) हा शब्दही इथे नको. त्या शब्दाने इंग्लिश कायद्यातली त्रासाची कसोटी आत येते, आणि इथे कसोटी हद्दीची आहे.

पाणी घाण करण्याची गोष्ट वेगळी. ‘डायजेस्ट’मधल्याच पॉलस या कायदेपंडिताच्या उताऱ्यात (47.11.1.1) पाणी, नळ किंवा हौद घाण करणाऱ्याला कडक शिक्षा सांगितली आहे. तिथे पाण्यासाठी क्रियापद ‘स्पुर्कारे’ (घाण करणे) आहे आणि गुन्हा सार्वजनिक आहे. त्याला ‘दूषित करणे’ अगदी नेमके बसते.