देवावर ‘विश्वास’ की ‘श्रद्धा’?

विचारणा अशी आहे: ‘देवावर विश्वास असणं’ आणि ‘देवावर श्रद्धा असणं’ यांत काही फरक आहे का? आणि ज्याची श्रद्धा आहे त्याला धार्मिक म्हणायचं की भाविक?

फरक आहे, आणि शब्दकोशापेक्षा तो या शब्दांच्या सोबत्यांवरून लवकर कळतो. विश्वास आपण ठेवतो, टाकतो; तो बसतो, उडतो. शिवाय विश्वासघात होतो. ‘श्रद्धाघात’ असा शब्द मात्र मराठीला कधी लागला नाही. विश्वासाला दोन पक्ष असतात आणि दुसऱ्याने दगा दिला की तो संपतो. श्रद्धा असते, जडते, फार तर ढळते, आणि ढळली तरी ती ज्याची त्याची ढळते. म्हणून तिला देवसुद्धा लागत नाही. देवळाची पायरी न चढणाऱ्या शिक्षकाची शिक्षणावर अढळ श्रद्धा असते, असं आपण अगदी सहज म्हणतो.

हिंदीत ज्याला अंधविश्वास म्हणतात त्याला आपण अंधश्रद्धा म्हणतो, ते यामुळेच नेमकं वाटतं. ‘आंधळा विश्वास’ मराठीतही आहे, पण तो धंद्यातल्या भागीदारावर किंवा भावावर टाकलेला असतो. महाराष्ट्राच्या 2013 च्या कायद्याला लोक बोलताना अंधश्रद्धाविरोधी कायदा म्हणत असले, तरी त्याच्या लांबलचक अधिकृत नावात हा शब्द नाही. तिथे नरबळी, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा आहे. मला हे भाषेच्या अंगानेही बरोबर वाटतं. श्रद्धा आतली गोष्ट. कायद्याने हात घालायचा तो कृतीला.

संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना’ यांचं स्वातंत्र्य दिलं आहे. हिंदी पाठात श्रद्धेच्या जागी ‘धर्म’ आहे. मराठी निवड मला जास्त आवडते, कारण धर्म हा शब्द आपल्याकडे फार पसरलेला आहे: दानधर्म, शेजारधर्म, गुणधर्म, धर्मशाळा. स्वातंत्र्याच्या यादीत तो आला असता तर नेमकं काय दिलं, हे धूसर झालं असतं.

पण घराघरांतला खरा शब्द या दोन्हींहून वेगळा आहे, तो म्हणजे ‘भाव’. ‘भाव तेथे देव’ म्हणताना आधी भाव येतो, मग देव. हरिपाठात ज्ञानदेव ‘भावेंवीण भक्ति’ बोलूच नये म्हणतात. भाव म्हणजे मनाचा ओलावा. त्याला पुरावा मागत नाहीत आणि कोणी तो ‘ठेवत’ही नाही. भाविक हा शब्द यातून आला. आषाढीला पंढरपुरात येतात ते भाविक. त्यांना कोणी ‘धार्मिक’ म्हणत नाही. धार्मिक म्हटलं की पूजाअर्चा, व्रतवैकल्यं, सणवार नेमाने करणारा माणूस डोळ्यापुढे येतो. त्याच्या ठायी भाव असेलच असं नाही, आणि नुसत्या आचाराला चिकटलेला असेल तर त्याच्यासाठी ‘कर्मठ’ आहे. ‘देवभोळा’त माया आहे आणि थोडी कीवही. ‘ती फार देवदेव करते’ यात मात्र सरळ नाराजी आहे.

‘मानणे’ आणि ‘करणे’ या जोडीवरही लक्ष ठेवा. ‘मी देव मानत नाही, पण घरचं सगळं करतो’ हे वाक्य मराठी कानाला मुळीच विसंगत वाटत नाही. मानणं एकट्याचं असतं. करणं कुळाचं, ‘आमच्यात’ खंडोबाची तळी भरतात म्हणून. नास्तिक शब्दाचंही पाहा. दर्शनांच्या, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखांच्या, जुन्या परिभाषेत वेदप्रामाण्य नाकारणारा तो नास्तिक, म्हणून बौद्ध आणि जैन दर्शनं नास्तिक, आणि ईश्वराशिवाय भागवणारं सांख्य आस्तिक. आज आपल्याला अभिप्रेत असतो तो अर्थ ‘निरीश्वरवादी’ या शब्दात जास्त नेमका येतो.

इतर धर्मीयांबद्दल लिहिताना त्यांचेच शब्द वापरावेत, असं माझं ठाम मत आहे. मराठी ख्रिस्ती लोकांत ‘विश्वास’ हाच मध्यवर्ती शब्द आहे. मराठी बायबल तोच वापरतं आणि मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, माणसांना ‘विश्वासणारे’ म्हणतात. तिथे ‘श्रद्धाळू’ घातलं की परकं वाटतं. गोव्याच्या कोंकणी ख्रिस्ती परंपरेत मात्र यासाठी ‘भावार्थ’ आहे, म्हणजे तिथे पुन्हा आपला भाव भेटतो. मुसलमानांचं ईमान मराठीत आलं ते ‘इमान’ होऊन, आणि निष्ठा, प्रामाणिकपणा या अर्थाने इतकं रुळलं की ‘श्रद्धा’ हा त्याचा मूळ अर्थ मागे पडला. इस्लामबद्दल लिहिताना तो अर्थ पुन्हा जागा करावा लागतो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात जे झालं त्याला वर्तमानपत्रं ‘धर्मांतर’ लिहितात. ते चूक नाही. बाबासाहेबांनी 1935 मध्ये येवल्याला केलेली घोषणा धर्मांतराचीच होती. पण बौद्ध घरांत त्या घटनेला ‘धम्मदीक्षा’ म्हणतात. धर्मांतरात काय सोडलं ते आधी ऐकू येतं, धम्मदीक्षेत काय स्वीकारलं ते. त्या दिवसाबद्दल लिहिताना मी ‘धम्मदीक्षा’ हाच शब्द वापरतो.