पेशीत पोटॅशियम ठासून भरलेलं असताना आतली बाजू ऋण कशी?

तुमचा प्रश्न असा: पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा पंचवीस-तीस पटीनं जास्त. पोटॅशियम धन आयन. मग आतली बाजू धन असायला हवी, पुस्तकात उणे ७० मिलिव्होल्ट का? आणि हे विभवांतर (आत-बाहेरच्या व्होल्टेजमधला फरक) पेशीच्या पटलातला सोडियम-पोटॅशियम पंपच तयार करतो ना?

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी वर्गात कुणीतरी हेच विचारतं, आणि जे विचारत नाहीत त्यांनी बहुतेक वेळा उणे ७० नुसतं पाठ केलेलं असतं.

पोटॅशियम आत एकटा नसतो. त्याच्या जोडीला फॉस्फेट आणि प्रथिनं असे ऋण प्रभाराचे सोबती असतात. बाहेर सोडियमच्या जोडीला क्लोराइड. दोन्हीकडे धन-ऋणाचा हिशोब जवळजवळ फिटलेला. पोटॅशियम कुठे जास्त आहे हा एक प्रश्न, आणि प्रभार कुठे जास्त आहे हा दुसरा. तुमची गल्लत इथेच झाली आहे.

आता पेशीचं पटल बघा. चार-पाच नॅनोमीटर जाडीचा मेदाचा पडदा, आयनांना त्यातून सरळ जाता येत नाही. वाटा आहेत त्या प्रथिनांच्या वाहिन्या, आणि पेशी निवांत असताना उघड्या असतात त्या मुख्यतः पोटॅशियमच्या. आत लिटरमागे १४० मिलिमोल, बाहेर पाचेक. साहजिकच पोटॅशियम बाहेर गळतो. सोबत्यांना मात्र त्या दारातून जाता येत नाही. प्रत्येक पोटॅशियम बाहेर पडताना एक ऋण प्रभार मागे एकटा सोडतो. असे थोडे जमले की तेच जाणाऱ्याला मागे ओढायला लागतात. बाहेर ढकलणारा संहतीतला, म्हणजे दाट-पातळपणातला, फरक आणि आत ओढणारा प्रभार, दोघांचं बळ सारखं झालं की जेवढे बाहेर जातात तेवढेच आत येतात. त्या क्षणीचं विभवांतर म्हणजे नर्न्स्टचं सूत्र: शरीराच्या तापमानाला ६१ गुणिले लॉग (बाहेरची संहती भागिले आतली). पोटॅशियमचे आकडे घाला, उणे ८८-८९ येतं. म्हणजे आतली बाजू ऋण होते ती पोटॅशियम आत जास्त आहे म्हणूनच!

हे फळ्यावर पटत नाही. म्हणून मी घरून मोरचूद (कॉपर सल्फेट) नेते. आमचं लहानसं कुळागर आहे, पावसाआधी पोफळींवर बोर्डो मिश्रण फवारायचं असतं, त्यामुळे मोरचुदाची पुडी घरात असतेच. काचेच्या एका ग्लासात मोरचुदाचं गडद निळं द्रावण. त्यातलंच एक माप घेऊन त्यात नऊ मापं पाणी घातलं की दुसऱ्या ग्लासातलं पातळ. दोन्हींत एकाच तारेचे, पॉलिश पेपरनं घासलेले तांब्याचे तुकडे, आणि दोन ग्लासांना जोडायला त्याच द्रावणात भिजवलेली कापसाची जाडशी वात. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर लावायचा. (ते ग्लास परत स्वयंपाकघरात आणू नका, मोरचूद विषारी.) सूत्रानं ३०च्या आसपास यायला हवं, कारण तांब्याच्या आयनावर दोन प्रभार असतात. प्रत्यक्षात आमच्याकडे पंधरा-वीस येतात. दाट द्रावणात आयन एकमेकांना धरून बसतात, सगळे मोकळे नसतात. पण पातळ द्रावण आणखी दहापट पातळ केलं की काटा साधारण तेवढाच आणखी सरकतो. लॉग म्हणजे काय ते पोरांना तिथे कळतं. सेल नाही, पंप नाही, दोन्हीकडे तेच तांबं आणि तेच मोरचूद. फरक फक्त दाट-पातळचा.

एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं मला पकडलं. “टीचर, इथे दाट बाजूची तार धन दाखवते, आणि पेशीत दाट बाजू ऋण. उलटं झालं ना?” त्या तासाला मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन विचार केला तेव्हा सुचलं. दाट द्रावणातला तांब्याचा आयन द्रावण सोडून तारेवर जाऊन बसतो, म्हणून तार धन. पेशीतला पोटॅशियम पटल ओलांडून बाहेर जातो, म्हणून बाहेरची बाजू धन. नियम एकच: धन आयन ज्या बाजूला जातो ती बाजू धन. मीटर तारेला लावलेला असतो, द्रावणाला नाही, एवढंच.

मग किती पोटॅशियम बाहेर जावे लागतात? वीस मायक्रोमीटर व्यासाच्या गोल पेशीचा हिशोब मी केला आहे. ७० मिलिव्होल्टसाठी साठेक हजारांत एक. एवढा कमी की आतली संहती मोजून फरक कळणारही नाही. पण ते सत्तर मिलिव्होल्ट पाच नॅनोमीटरवर पडतात, म्हणजे मीटरमागे १ कोटी ४० लाख व्होल्ट. कोरड्या हवेत तीसेक लाखांना ठिणगी पडते.

आता पंप. तो दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, म्हणजे एक धन प्रभार जास्त बाहेर. पण त्यातून थेट मिळणारं विभवांतर फक्त काही मिलिव्होल्टचं. त्याचं खरं काम साठा भरून ठेवणं. आमच्याकडे विहिरीचा पंप वरची टाकी भरतो आणि नळाला जोर टाकीचा असतो. लाइट गेली तरी टाकी रिकामी होईपर्यंत नळ चालतो. पेशीचा पंप औषधानं बंद पाडला तर विभवांतर लगेच शून्य होत नाही, साठा गळत जाईल तसं हळूहळू उतरतं. माकुलाच्या (स्क्विडच्या), म्हणजे आमच्या माणक्यांच्या, जाड चेतातंतूत पंप बंद असतानाही हजारो संदेश जातात. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९३९ मध्ये माकुलाच्याच तंतूत इलेक्ट्रोड घालून आतलं विभवांतर मोजलं होतं.

उणे ८९ न येता ७० का, तर पटल थोडा सोडियमही आत गळू देतं. सोडियमचं स्वतःचं सूत्र अधिक ६५च्या घरात जातं, तो आपल्या बाजूला ओढतो. संदेश जाताना सोडियमच्या वाहिन्या क्षणभर उघडतात, तेव्हा हीच ओढ जिंकते.

बाहेरचा तो पाच मिलिमोलचा आकडा किरकोळ समजू नका. माझ्या सासूबाईंची किडनी कमजोर आहे, आणि डॉक्टरांनी आडसर, म्हणजे शहाळं, बंद केलं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, ते कमजोर किडनी पुरेसं बाहेर टाकत नाही. “नुसतं पाणी तर आहे, त्याचं हृदयाशी काय?” असं त्या कुरकुरत होत्या. मी पाठकोऱ्या कागदावर पाचाच्या जागी सात घालून दाखवलं: उणे ८९चं उणे ७९. हृदयाच्या पेशींना दहा मिलिव्होल्ट म्हणजे खूप, ठोके चुकायला लागतात. लॉग त्यांना कळला नसावा. पण दुसऱ्या दिवशी आडसरवाला दारात आला, तेव्हा त्याला परत पाठवलं त्यांनीच.