बुडापेस्टला तंतुवाद्यं, पुण्यात सनई-ढोलकी: गेमच्या थीमसाठी

दोन मिनिटांची थीम, सात मात्रांच्या रूपक तालातली चाल, सनई-ढोलकी पुण्यातली आणि तंतुवाद्यं बुडापेस्टच्या वाद्यवृंदाकडून ऑनलाइन सत्रात. तर काय तयारी लागेल, असं तुम्ही विचारलं आहे. सगळी मदार सत्राआधी पाठवलेल्या कागदांवर आणि फायलींवर आहे. तिथले वादक पहिल्या वाचनातच चांगलं वाजवतात. वेळ जातो तो शंका फेडण्यात.

आधी पट्टी. चाल काळी एकमध्ये बांधली असेल तर ती पांढरी दोनमध्ये (डी) नेता येते का बघा. काळी एक म्हणजे सी शार्पमध्ये व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जवळपास कामाला येत नाहीत, नाद दबतो आणि सूर सांभाळणं अवघड होतं. डी, जी, ए या पट्ट्यांत तेच वादक खुलून वाजतात. अर्थात सनईवाल्याकडे त्या पट्टीची सनई आहे ना, हे आधी विचारा. दुसरं, मध्य युरोपात ४४२-४४३ हर्ट्‌झला सूर लावण्याची पद्धत आहे. तुमची सनई आणि संगणकातले वाद्यांचे नमुने (सॅम्पल) ४४० वर असतील तर ८ ते १२ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराच्या अंतराचा शंभरावा भाग) फरक पडतो, आणि लांब स्वरांवर तो कानाला खुपतो. '४४० ला लावा' हे स्कोअरच्या (लिहिलेल्या स्वरलिपीच्या) पहिल्या पानावर लिहा आणि ईमेलमध्येही सांगा.

रूपक मध्य लयीत असेल तर ७/४, द्रुत असेल तर ७/८ लिहा आणि वर ३+२+२ अशी फोड द्या. क्लिकमध्येही (वादकांच्या हेडफोनमधली लयीची टिकटिक) तीच फोड ऐकू यायला हवी. नुसत्या सात सारख्या टिकटिकींवर वीस जण आपापल्या परीने वजन देतात. रूपकात सम 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर येते हे त्यांना समजावत बसू नका. पहिल्या मात्रेवर क्लिक जोरात ठेवा, पुरे. ढोलकी शक्यतो क्लिकवरच वाजवून घ्या. ती आधीच मोकळी वाजवलेली असेल, तर तिच्यावरून टेम्पो मॅप (लय कुठे किती बदलते त्याचा आराखडा) काढून त्याच मॅपवर क्लिक बनवा.

मींड हा खरा अडचणीचा भाग. स्वरांमध्ये घसरण्याची रेघ काढली की कुणी लगेच सरकतो, कुणी शेवटच्या क्षणी, आणि सहा पहिल्या व्हायोलिनांचा मिळून चिखल होतो. मींड, आंदोलन, कणस्वर सनईला किंवा इथल्या एकट्या व्हायोलिनवादकाला द्या. तिकडच्या समूहाकडून लांब स्वर, ठेका आणि सरळ चाल घ्या. स्वर कंपाशिवाय हवा असेल तर 'सेंझा व्हिब्रातो' लिहायला विसरू नका, कारण सवयीने ते कंप देतातच.

६-५-४-३-२ (पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हायोला, चेलो, डबल बास) असे वीस वादक अशा थीमला पुरतात. तासाभराच्या सत्रात प्रत्यक्ष वाजवायला साधारण ५० मिनिटं धरा: तीन पूर्ण टेक, मग तुकडे. स्कोअरमध्ये प्रत्येक मापाला (बारला) क्रमांक, प्रत्येक ओळीला डायनॅमिक्स (आवाज लहान-मोठा करण्याच्या खुणा), गज कुठे जोडायचा त्याच्या खुणा द्या.

फायली ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटमध्ये द्या: क्लिक वेगळा, सनई-ढोलकी वेगळी, संगणकावरची नमुना तंतुवाद्यं वेगळी. सगळ्या एकाच शून्यापासून सुरू आणि आधी दोन मापांची मोजणी. ४४.१ ची फाइल रूपांतर न करता ४८ च्या प्रोजेक्टमध्ये पडली तर ती वेगाने पळते आणि पट्टीही चढते. शेवटच्या लांब स्वराआधी क्लिक बंद करा. नाहीतर शांततेत हेडफोनमधली टिकटिक माइकमध्ये उतरते आणि ती काढणं जवळपास अशक्य.

गेममध्ये थीम फिरत राहणार असेल तर शेवटानंतर न थांबता पहिली दोन मापं पुन्हा वाजवून घ्या. मागच्या स्वराची आस नव्या सुरुवातीवर पडते, सांधा तिथेच लावायचा. खेळाच्या तणावाप्रमाणे थर कमी-जास्त करायचे असतील तर खालची आणि वरची तंतुवाद्यं वेगळ्या टेकमध्ये घ्या. एका खोलीत एकत्र वाजवलेलं नंतर नीट वेगळं होत नाही.

बुडापेस्ट हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात सत्र असेल तर वेळ दोन्हीकडची लिहून पक्की करा. सत्रात तुमच्याकडून एकानेच बोलायचं, तेही माप क्रमांक आणि वाद्य सांगून: 'माप २३, व्हायोला, तिसरी मात्रा.' स्वराचं नाव घ्यायची वेळ आली तर लक्षात ठेवा, आपला बी त्यांच्याकडे एच आहे आणि त्यांचा बी म्हणजे आपला बी फ्लॅट.

एकरकमी मोबदल्यात सगळे हक्क मिळतात म्हणून गेमवाले तिकडे जातात खरे, पण करारात गेम, ट्रेलर आणि स्वतंत्र अल्बम हे तिन्ही वापर नावानिशी आले आहेत ना ते पाहा. पैसे परदेशात पाठवताना बँक कागद मागते. करकपात आणि जीएसटी कुणी सोसायचा हे सही करण्याआधी सीएकडून ठरवून घ्या. अल्बमचा हक्क राहून गेला तर नंतर वेगळे पैसे मागितले जातात.