परसातली फुलं : तुमचे प्रश्न

प्रश्न : गौरीला घरचा तेरडा हवा म्हणून पहिल्या पावसातच तेरडा नि झिनियाचं बी अंगणात टाकलं. उगवण छान झाली, पण बोटभर रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. बी खोटं होतं का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : बी खरंच होतं ताई, म्हणून तर उगवलं! ही रोपमर. तुमच्याकडचा पाऊस आम्हा बेळगावकरांनाही घाबरवतो. माती ओलीगच्च राहिली की बुरशी देठ खाते. त्यात दाट पेरणी.

पुढच्या खेपेला बी वळचणीच्या आत, बुडाला भोकं पाडलेल्या डब्यात टाका. तांबडी माती, वाळू नि कुजलेलं शेणखत सारखं घ्या, वर मातीची नुसती भुरभुर. चार-सहा पानं आली की उंचवट्यावर लावा. पेरल्यापासून फुलाला साधारण दोन महिने लागतात, तेव्हा पंचांगात गौरी बघून मागे मोजा.

झिनिया मात्र पावसाचा जोर ओसरल्यावरच. भर पावसात पानांवर डाग पडतात, आणि ते झाड बघवत नाही. दिवाळीला फुलेल की!

पुढचं बी घरचंच धरा. तेरड्याची बोंडं फुगून फिकट झाली की मूठ झाकून खुडा, नाहीतर टचकन फुटून बी भुईवर. (हे काम नातवंडांना द्या, मागून मागून करतात.) सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा, वर रंग लिहा. तरी रंग तोच येईल असं नाही, मधमाश्या आपलं ऐकत नाहीत.