फोन ‘रेडिएशन’ मोजतो का?

प्रश्न : ‘ईएमएफ मीटर’ (विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारं) ॲप घेतलं. फ्रिजच्या दाराजवळ आकडा उडी मारतो, मोबाइल टॉवरखाली मात्र हलत नाही. ॲप बिघडलंय का?

उत्तर : ॲप ठीक आहे, नाव फसवं आहे. ते वाचतं फोनमधला मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्राचा सेन्सर. तो सेकंदाला साधारण 100 वेळा चुंबकीय क्षेत्र मोजतो. टॉवरच्या लहरी सेकंदाला कोट्यवधी वेळा हेलकावतात. त्या त्याच्या गावीही नसतात. फ्रिजच्या दारात मात्र चुंबकपट्टी असते, म्हणून आकडा उडतो.

उघड्यावर 25 ते 65 मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) दिसले तर ते पृथ्वीचंच क्षेत्र. 200 दिसले तर आधी चुंबकवालं कव्हर काढा, मग फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून कॅलिब्रेट करा. भिंतीतल्या वायरी शोधायला हे ॲप वापरून ड्रिल मारू नका. फेज आणि न्यूट्रल शेजारी असल्यानं त्यांची क्षेत्रं जवळजवळ रद्द होतात.

रेडिओलहरींसाठी फोनचं वाय-फायच कामाचं. वाय-फाय सिग्नल दाखवणाऱ्या ॲपमध्ये डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचं एकक) बघा : उणे 50 वरून उणे 80 झालं, तर शक्ती 1000 पटींनी घटली. पण हे फक्त त्या राउटरपुरतं.

प्रश्न : कॅमेऱ्यानं गॅमा किरण (किरणोत्सर्गी पदार्थांतून निघणारे) दिसतात?

उत्तर : तीव्र असतील तरच. भिंगावर काळी टेप लावली की सेन्सरवर आदळलेला किरण पांढरा ठिपका उमटवतो. फोन तापला की खोटे ठिपकेही वाढतात. एकाच जागी पुन्हापुन्हा दिसणारा ठिपका मोजू नका, तो सेन्सरचाच दोष. किरणोत्साराचं नेहमीचं नैसर्गिक प्रमाण मोजायला गायगर काउंटर हे खास यंत्रच लागतं.