लाल ज्वाला देणाऱ्या रसायनापासून लाल धूर का निघत नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: स्ट्रॉन्शियम या धातूमुळे ज्वाला लाल होते, तर त्याच्यापासून लाल धूर का मिळत नाही, आणि दिवसा इतका गडद दिसणारा रंगीत धूर रात्री नाहीसा का होतो. दोन्हींचं कारण एकच. ज्वाला स्वतः प्रकाश देते, धूर देत नाही. लाल धुराचे कण त्यांच्यावर पडलेल्या पांढऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग शोषून घेतात आणि उरलेला लाल आपल्याकडे येतो. वरून प्रकाशच पडत नसेल तर दिसणार काय? स्ट्रॉन्शियमचे नेहमीचे क्षार थंड असताना पांढरे असतात, त्यामुळे लाल ज्वालेतून वर गेलेला स्ट्रॉन्शियमचा धूरही पांढराच.

आधी ज्वालेकडे वळू. उष्णतेने इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीत जातो आणि खाली येताना ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. सोडियमच्या बाबतीत ते तंतोतंत खरं आहे: त्याचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि इतका प्रखर असतो की फ्लेम टेस्टमध्ये, म्हणजे तारेवर क्षार घेऊन ज्वालेचा रंग पाहण्याच्या चाचणीत, तारेला हाताच्या घामाचा अंश लागला तरी चाचणी बिघडते. म्हणून पोटॅशियमची फिकट जांभळी छटा निळ्या कोबाल्ट काचेतून पाहतात. ती काच पिवळा प्रकाश अडवते.

पण स्ट्रॉन्शियमचं तसं नाही, आणि मला या विषयातली सर्वांत मजेदार गोष्ट हीच वाटते. स्ट्रॉन्शियमच्या सुट्या अणूची सर्वांत ठळक रेषा ४६१ नॅनोमीटरच्या जवळ, म्हणजे चक्क निळ्या रंगात आहे! ज्वालेत दिसणारा लाल रंग मुख्यतः स्ट्रॉन्शियमचा क्लोरीनशी किंवा हायड्रॉक्सिलशी (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीशी) क्षणभर जुळून जो रेणू बनतो त्याचा असतो. हे रेणू बाटलीत भरून ठेवता येत नाहीत, ते तापलेल्या ज्वालेतच टिकतात. बेरियमचा गडद हिरवाही असाच, बेरियम आणि क्लोरीनच्या जोडीचा. म्हणून आतषबाजीच्या मिश्रणात क्लोरीन पुरवणारं काहीतरी लागतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पोटॅशियम क्लोरेट तयार केलं. त्यातून ऑक्सिजन आणि क्लोरीन दोन्ही मिळतात. पुढच्या शतकात ते आतषबाजीत आलं आणि खरे रंग दिसू लागले. त्याआधी बहुतेक नारिंगी आणि पांढरट उजेडावरच भागवावं लागे.

निळा रंग सर्वांत अवघड. तो तांबं आणि क्लोरीनच्या रेणूचा, आणि हा रेणू जास्त तापला की तुटतो. ज्वाला थंड ठेवावी तर उजेड कमी, तापवावी तर निळा गायब. कुठल्याही आतषबाजीत निळ्याकडे नीट बघा, तो बाकीच्या रंगांपेक्षा मंद आढळेल.

आता धूर. इथे सगळा कारभार उलटा. रंगीत धुरात धातूचा क्षार नसतो, सेंद्रिय रंगद्रव्य असतं, आणि ते जळता कामा नये. त्याची फक्त वाफ व्हायची असते. बाहेरच्या हवेत ती वाफ गार होऊन बारीक कण बनते आणि तोच आपला धूर. त्यासाठी साखरेसारखं मंद आचेचं इंधन वापरतात आणि उष्णता आटोक्यात राहावी म्हणून बहुधा खाण्याचा सोडा घालतात. मिश्रणाने पेट घेतला तर रंगद्रव्य जळून जातं आणि मळकट धूर उरतो. म्हणजे धुराच्या नळकांड्यात ज्वाला दिसली की काम बिघडलं असं समजायचं. सोड्यातलं सोडियमही धुराला बाधत नाही. तेच लाल किंवा निळ्या ज्वालेत गेलं असतं तर सगळं पिवळं करून टाकलं असतं.

काळ्या-पांढऱ्या धुराला रंगद्रव्य लागत नाही. अर्धवट जळलेल्या कार्बनची काजळी काळी दिसते, तर प्रकाश न शोषता सगळीकडे विखुरणारे कण पांढरे. कण प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही बारीक असतील तर ते निळा जास्त विखुरतात, म्हणून पातळ धुराला कधीकधी निळसर झाक येते.

हे घरी करून बघायचा विचार असेल तर धुराचं मिश्रण अजिबात करू नका. क्लोरेट आणि गंधक एकत्र आले तर नुसत्या घासण्यानेही पेट घेऊ शकतात. ज्वालेचे रंग पाहायचे असतील तर प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, क्षाराच्या द्रावणात भिजवलेली लाकडी काडी बर्नरवर धरा. ताटलीत मेथॅनॉल ओतून पेटवण्याचा जो प्रकार व्हिडिओंमध्ये दिसतो तो टाळा: विझत आलेल्या ताटलीत बाटलीतून पुन्हा मेथॅनॉल ओतताना वाफ पेटून आग थेट बाटलीत शिरते, आणि समोर बसलेली मुलं भाजल्याच्या घटना घडलेल्या आहेत.