रोजच्या विक्रीवरून नवी ऑर्डर कधी द्यायची, हे एक्सेलमध्ये कसं काढायचं?

बी2 ते बी61 मध्ये 60 दिवसांची विक्री नगांत भरा. सरासरीसाठी एव्हरेज, चढउतारासाठी, म्हणजे प्रमाण विचलनासाठी, एसटीडीईव्ही डॉट एस वापरा (शेवटी पी असलेलं नको, ते संपूर्ण समष्टीसाठी असतं, आपल्याकडे नमुना आहे).

समजा सरासरी 20, प्रमाण विचलन 6 आणि माल यायला 4 दिवस लागतात. 95 टक्के वेळा माल पुरावा असं वाटत असेल तर नॉर्म डॉट एस डॉट आयएनव्हीमध्ये 0.95 द्या, 1.645 मिळेल. नुसतं 95 टाकलंत तर एरर येते. आता 20 × 4 = 80, त्यात 1.645 × 6 × √4, म्हणजे साधारण 20. साठा 100 नगांवर आला की ऑर्डर. इथे हमखास चूक होते: विचलनाला 4 ने गुणतात, गुणायचं असतं वर्गमुळाने.

पुरवठादार कधी 3, कधी 5 दिवस लावत असेल तर हे 100 अपुरे पडतात. त्या दिवसांचं विचलन 1 धरलं तर √(4×36 + 400×1) = 23.3 (36 म्हणजे 6 चा वर्ग, 400 म्हणजे 20 चा). आता 80 + 1.645 × 23.3, म्हणजे ऑर्डरची पातळी थेट 119 वर जाते. बऱ्याचदा खरा घोळ गिऱ्हाइकाचा नसून पुरवठादाराचाच असतो.

भरताना एक सांभाळा. गिऱ्हाईकच आलं नाही त्या दिवशी 0 लिहा. माल संपला होता त्या दिवशी सेल रिकामा सोडा, एव्हरेज तो मोजत नाही. काउंट (आकडे असलेले सेल मोजणारं सूत्र) अपेक्षेपेक्षा कमी आला तर काही आकडे मजकूर म्हणून बसलेत. दिवाळीचे दिवस वेगळ्या शीटवर.